आपल्या गावची बँक अडचणीच्या काळात कशी चालवायची?



अकरावी-बारावीला 'सहकार' शिकताना आपण नागरी सहकारी बँकेची व्याख्या, वैशिष्ट्ये आणि कार्ये पाठ करतो. पेपरात गुणही मिळतात. पण बँकेवर वाईट दिवस आले की शाखेत बसलेल्या माणसाने नेमकं काय करायचं, हे त्या मुद्द्यांत येत नाही. आज तोच भाग बघू. पुढचं वाचताना असं समजा, की तुम्ही तालुक्याच्या गावातल्या एका लहान सहकारी बँकेचे शाखाधिकारी आहात. शाखेत पाच माणसं, बाहेर पिग्मी गोळा करणारे दोन एजंट, आणि काउंटरपलीकडचा जवळजवळ प्रत्येक चेहरा ओळखीचा.

ही 'ओळख' लक्षात ठेवा. आजचा सगळा धडा तिच्याभोवती आहे.

१) ही बँक कोणाची?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली आणि कर्जाचे कागद, वह्या जाळल्या. हेच दख्खनचे दंगे. कर्ज हवंच, पण सावकाराच्या अटींवर नको, हा प्रश्न तेव्हापासून आपल्याकडे धगधगत होता. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने 'अन्योन्य सहकारी मंडळी' सुरू झाली. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल अशा संस्था उभ्या राहिल्या. ओळखीच्या माणसांनी पैसा एकत्र करायचा आणि ओळखीच्याच गरजूला द्यायचा, ही कल्पना.

म्हणून इथे मालक म्हणजे सभासद. शेअर एक असो की हजार, मत एकच. सभासदांनी निवडलेलं संचालक मंडळ धोरण ठरवतं. १ मार्च १९६६ पासून बँकिंगपुरता रिझर्व्ह बँकेचा अंमलही या बँकांवर आहे.

आणि एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवा : शेअर ही ठेव नव्हे. ठेव म्हणजे बँकेने तुम्हाला देणं असलेला पैसा. शेअर म्हणजे तुम्ही मालकीत घातलेला पैसा. बँक बुडाली तर मालकाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

२) तिजोरीचं साधं गणित

आपण शंभर रुपये ठेवले म्हणजे ते तिजोरीत आपल्या नावाने बांधून ठेवलेले असतात, असं पुष्कळांना वाटतं. तसं नसतं. शंभरातले साधारण वीस-बावीस रुपये कायद्याप्रमाणे रोख राखीव आणि सरकारी रोख्यांसारख्या गुंतवणुकीत राहतात. साठ-पासष्ट रुपये कर्जाऊ जातात. उरलेले दुसऱ्या बँकांत आणि थोडे गल्ल्यात.

आता समजा, तुमच्या शाखेच्या ठेवी ४० कोटी आहेत आणि आज हातात रोख आहे ४० लाख. एरवी हे पुरून उरतं. पण १०० माणसं एकदम आली आणि प्रत्येकाने ५० हजार मागितले, तर ५० लाख लागतील. म्हणजे ऐंशीव्या माणसानंतर गल्ला रिकामा. बँक बुडाली का? नाही. पैसा आहे, पण तो कुणाच्या दुकानात, कुणाच्या घराच्या भिंतीत, कुणाच्या ट्रकमध्ये आहे. ठेव आज मागता येते, कर्ज मात्र हप्त्याहप्त्यानेच परत येतं. बँकेचा सगळा धोका या फटीत असतो.

दुसरं गणित नफ्याचं. ठेवीचं व्याज आणि खर्च वजा जाता १०० रुपयांच्या कर्जामागे ३ रुपये उरतात असं धरू. मग १० लाखांचं एकच कर्ज पूर्ण बुडालं, तर ते भरून काढायला सुमारे ३ कोटी ३३ लाखांच्या चांगल्या कर्जांची वर्षभराची कमाई लागते. एका चुकीची किंमत तेहतीस बरोबर निर्णयांइतकी!

३) पहिला प्रसंग : अफवेचा सोमवार

शुक्रवारी संध्याकाळी मोबाईलवर संदेश फिरतो : 'अमुक बँकेतून पैसे काढून घ्या.' सोमवारी शटर उघडण्याआधीच रांग लागली आहे. तुम्ही काय कराल?

रांग दिसल्यावर विचार सुरू केला तर उशीर झाला. शनिवार-रविवारीच मुख्य कार्यालयाला कळवून जादा रोकड मागवायची, कारण शाखेला ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त रोख ठेवता येत नाही. मोठ्या ठेवीदारांना स्वतः फोन करायचा. सगळ्या कर्मचाऱ्यांना एकत्र बसवून एकच उत्तर ठरवायचं. पिग्मी एजंट विसरू नका. गाव त्यांनाच आधी विचारतं.

सोमवारी शटर वेळेवर उघडा. 'सर्व्हर डाऊन आहे' असं खोटं सांगू नका. स्वतःच्या मनाने पैसे काढण्यावर मर्यादा घालू नका. एक माणूस रिकाम्या हाताने परतला की संध्याकाळपर्यंत पन्नास येतात. मुदत ठेव मोडायची असेल तर व्याजाचं नुकसान किती होईल ते कागदावर लिहून दाखवा, पण अडवू नका. वयस्कर लोकांना खुर्ची द्या. आणि विम्याची माहिती फळ्यावर मोठ्या अक्षरात लावा.

विमा म्हणजे काय? ठेव विमा आणि पत हमी महामंडळ प्रत्येक ठेवीदाराला, प्रत्येक बँकेमागे, मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तरी एकट्याच्या नावावरच्या ठेवींची बेरीज एकच धरतात. विम्याचा हप्ता बँक भरते. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र हा विमा नसतो. बँक आणि पतसंस्था यांच्या पाट्या शेजारी-शेजारी असतात, फरक घरी आवर्जून सांगा.

आता अवघड भाग. रांगेत तुमच्या निवृत्त बाई उभ्या आहेत. विचारतात, "अरे, खरं सांग, माझे पैसे बुडणार नाहीत ना?" जीव तुटतो. 'काही होणार नाही बाई, मी आहे ना!' असं तोंडात येतं. ते म्हणू नका. तुम्हाला मुख्य कार्यालयाची सगळी पुस्तकं माहीत नाहीत, आणि तुमचा शब्द म्हणजे विमा नाही. म्हणा, "बाई, आज तुम्हाला हवे तेवढे पैसे मिळतील. तुमची ठेव तीन लाखांची आहे, ती विम्याच्या मर्यादेत बसते. हा बँकेचा अहवाल, मी वाचून दाखवतो." एवढं खरं आहे आणि पुरेसं आहे. खोटा दिलासा आज गर्दी पांगवतो, पण उद्या तो उलटला तर त्या बाई बँकेला नाही, तुम्हाला क्षमा करणार नाहीत.

याच्या उलट मोहही असतो. आत काही बिनसल्याची कुणकुण लागली, तर मेहुण्याला हळूच फोन करून 'ठेव काढून घे' सांगावंसं वाटतं. तो फोन म्हणजे रांगेतल्या बाईंच्या वाट्याचा पैसा ओळखीच्या माणसाला मागच्या दाराने देणं.

४) दुसरा प्रसंग : भाव पडलेलं वर्ष

कांद्याचे भाव कोसळले. व्यापारी, ट्रकवाला, बारदान विकणारा, हॉटेलवाला, सगळ्यांचे हात आखडले. नियम असा, की हप्ता किंवा व्याज ९० दिवसांहून जास्त थकलं की कर्ज अनुत्पादक, म्हणजे एनपीए होतं. शहाणा शाखाधिकारी नव्वदाव्या दिवसाची वाट बघत नाही. संकटाच्या खुणा आधीच दिसतात. रोज पिग्मी भरणारा दोन आठवडे 'उद्या या' म्हणतो. चालू खात्यातली उलाढाल निम्म्यावर येते. चेक परत जातो. जामीनदार रस्त्यात दिसला तर नजर चुकवतो. परगावच्या मोठ्या बँकेच्या संगणकाला हे उशिरा कळतं, तुम्हाला चहाच्या टपरीवर कळतं. ओळखीचा खरा उपयोग हा.

तर पहिला हप्ता चुकताच कर्जदाराच्या घरी जा, धमकी द्यायला नव्हे, हिशोब करायला. समजा ट्रकवाल्याचं ६ लाख कर्ज बाकी आहे, व्याज १२ टक्के, मुदत ३ वर्षं. हप्ता येतो सुमारे १९,९२९ रुपये. मुदत ५ वर्षं केली तर हप्ता १३,३४७ वर येतो. तो भरणं त्याला जमेल. पण एकूण व्याज सुमारे ८३ हजारांनी वाढेल, हेही त्याच बैठकीत सांगा. २०२० च्या टाळेबंदीत हप्त्यांना आधी तीन आणि मग आणखी तीन महिने स्थगिती मिळाली, तेव्हा अनेकांना वाटलं व्याजही माफ झालं. ते चालूच होतं. सवलत देताना तिची किंमत सांगितली नाही, तर ती फसवणूक वाटते.

अशी पुनर्रचना नियमात राहून, संचालक मंडळाच्या मंजुरीने आणि पुस्तकात तशीच दाखवून करायची असते. त्यापोटी नफ्यातून तरतूदही करावी लागते. याच्या उलट आहे 'नवं-जुनं'. ३१ मार्च जवळ आला की नवीन कर्ज मंजूर करायचं, त्यातून जुनं भरून घ्यायचं आणि थकबाकी शून्य दाखवायची. कागद स्वच्छ, पण कर्जदाराकडून खिशातला एक रुपयाही आलेला नाही. पुनर्रचना म्हणजे आजार ओळखून पथ्य पाळणं, आणि नवं-जुनं म्हणजे थर्मामीटर गार पाण्यात बुडवणं.

आणि जो भरू शकतो पण भरत नाही, त्याचं काय? त्याच्यासाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खालचा वसुली दाखला आहे. तारण जप्तीच्या सरफेसी कायद्याची वाटही सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने सहकारी बँकांसाठी पक्की झाली. अडलेला आणि नाठाळ यांच्यातला फरक करणं, हे तुमचं काम. तोही ओळखीनेच कळतो.

५) तिसरा प्रसंग : ओळखीचा फोन

दुपारी एका वजनदार माणसाचा फोन येतो. "साहेब, आपल्याच माणसाचं प्रकरण आहे, कागद नंतर देतो, रक्कम आज सोडा." हा प्रसंग रांगेपेक्षा जास्त घातक आहे, कारण इथे आवाज होत नाही.

याच फोनसाठी नियम केले आहेत. संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचा हितसंबंध असलेल्या संस्थांना कर्ज देण्यावर, मोजके अपवाद सोडले तर, बंदी आहे. एका कर्जदाराला टियर-१ भांडवलाच्या १५ टक्क्यांपर्यंत आणि एका समूहाला २५ टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येतं. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, हा त्याचा अर्थ.

टोपली एकच असली तर काय होतं, ते पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत दिसलं. एकूण कर्जाच्या ७० टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे अडकली होती आणि ते हजारो बनावट खात्यांआड लपवलं होतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. पुढे मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. या काळात कुणाची फी अडली, कुणाचं औषधपाणी. आणि काउंटरवर लोकांचा राग झेलत उभे होते ते शाखांमधले साधे कर्मचारी. २०२१ च्या कायदादुरुस्तीने असे निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत देण्याची तरतूद झाली, ती या अनुभवानंतर.

म्हणून फोनवर उत्तर एकच : "अर्ज द्या, कागद द्या, सगळ्यांना लागणारी पद्धत तुम्हालाही लागेल." आणि फोनची नोंद फाईलमध्ये ठेवा. नोकरीत याची किंमत मोजावी लागू शकते, हे खरं आहे. पण या खुर्चीचा पगार शिक्के मारण्याचा नाही, अशा वेळी 'नाही' म्हणण्याचा आहे.

६) लक्षात ठेवायचं ते

तिन्ही प्रसंगांत ओळख आहे. रांगेत ओळखीमुळे लोक तुमचं ऐकतात. पडत्या भावात ओळखीमुळे संकट आधी दिसतं. आणि फोनवर तीच ओळख बँक पोखरते. तेव्हा सूत्र असं : ओळख माहितीसाठी वापरायची, सवलतीसाठी नाही. गावची बँक गावाच्या ओळखीवर उभी राहते आणि ओळखीनेच पडते. मधे फक्त शाखेतल्या माणसाचा सरळपणा असतो.

स्वाध्याय

१. शेअर आणि ठेव यांतला फरक चार वाक्यांत लिहा.
२. एका खातेदाराच्या एकाच बँकेच्या दोन शाखांत ३ लाख आणि ४ लाख ठेवी आहेत. व्याज बाजूला ठेवून विम्याचं संरक्षण किती रकमेला मिळेल?
३. 'पुनर्रचना' आणि 'नवं-जुनं' यांतला फरक उदाहरणासह सांगा.
४. उपक्रम : घरात कुणाचं सहकारी बँकेत खातं असेल तर बँकेचा वार्षिक अहवाल मिळवा. त्यात चार गोष्टी शोधा : ढोबळ एनपीए, निव्वळ एनपीए, भांडवल पर्याप्तता (लहान बँकांना किमान ९ टक्के, मोठ्यांना १२) आणि लेखापरीक्षणाचा वर्ग. मागच्या वर्षीच्या आकड्यांशी तुलना करा. मग घरच्या सभासदाला विचारा, "सर्वसाधारण सभेला शेवटचं कधी गेला होता?"

बहुतेक घरांत या शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळणार नाही. सभेला गेलो नाही, तर मालक आपण फक्त कागदावरच.