अल्लाउद्दिनाचा दिवा आणि पडद्यामागील कंठ

अल्लाउद्दिन व त्याचा जादूचा दिवा ही गोष्ट ज्याने ऐकिली नाही असा बालक विरळाच. होमी वाडिया यांच्या बसंत पिक्चर्सने १९५२ साली तिच्यावर गीतसंगीतयुक्त हिंदी बोलपट काढिला. महिपाल व मीनाकुमारी ही त्यातील प्रमुख पात्रे होत. या गोष्टीचा अभ्यास करू लागता एक प्रश्न सहजच उपस्थित होतो : ही गोष्ट प्रथम सांगितली कोणी?

अरबी सुरस कथांचे मराठी भाषांतर कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनी आरंभिले, हे आपणांस ठाऊक आहेच. युरोपात त्या कथा फ्रेंच पंडित आंत्वान गालाँ याने नेल्या. परंतु त्याच्यापाशी असलेल्या अरबी हस्तलिखितात अल्लाउद्दिन नव्हता. १७०९ साली पॅरिस येथे हन्ना दियाब नावाच्या अलेप्पोच्या एका तरुण मॅरोनाइट ख्रिस्ती गृहस्थाने ती गोष्ट त्यास तोंडी सांगितली. गालाँने आपल्या रोजनिशीत त्याचे नाव टिपून ठेविले. छापील ग्रंथात मात्र ते घातले नाही. ग्रंथ जगभर गेला आणि सांगणारा अंधारात राहिला.

बोलपटांतही असेच घडत असे. पडद्यावर ओठ एकाचे हालत, कंठ दुसऱ्याचा असे. आमच्या चारकोपाशेजारील मालाड येथे बॉम्बे टॉकीज ही प्रसिद्ध चित्रसंस्था होती. तिच्या १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातील एका गीताच्या ध्वनिमुद्रिकेवर गायिकेच्या जागी ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापिले होते. श्रोत्यांनी नभोवाणीकडे पृच्छा केली, तेव्हा लता मंगेशकर हे नाव लोकांस कळले. श्रोते विचारते झाले नसते, तर ते आणखी किती काळ झाकलेले राहिले असते?

दिव्यातील राक्षस रात्रीतून राजवाडा उभारितो, परंतु राजवाडा अल्लाउद्दिनाचाच म्हटला जातो. गोष्टीत हे शोभते; व्यवहारात शोभत नाही. मित्राच्या वहीतून घेतलेले उत्तर आपले म्हणून दाखविणे हा त्यातलाच प्रकार होय. दहा कुष्ठरोगी बरे झाले, पण उपकार मानावयास एकच परत आला, ही शुभवर्तमानातील कथा आपण प्रार्थनेच्या वेळी ऐकितोच.

अभ्यासासाठी एवढेच करावे : घरी ऐकिलेली एक गोष्ट वहीत लिहावी आणि तिच्याखाली ती सांगणाऱ्या आजीचे अथवा मावशीचे पूर्ण नाव लिहावे. ते ठाऊक नसल्यास आजच विचारून घ्यावे. पालकांनीही या कामी मुलांस साह्य करावे, अशी आमची विनंती आहे.