उमेदवार बसला, म्हणजे काय झाले?



निवडणूक आली की आपल्या गावांत दोन शब्द सारखे कानांवर पडतात. "अमका उभा आहे" आणि "तमका बसला." उभा राहिला, म्हणजे त्याने उमेदवारीचा अर्ज भरला. बसला, म्हणजे त्याने माघार घेतली. उभे कसे राहावे हे पुष्कळांना ठाऊक असते. पण बसावे कसे, कोठे आणि केव्हापर्यंत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भांडणे होतात ती बहुतेक या बसण्यावरूनच. म्हणून या पाठात आपण माघारीचा कायदा समजून घेऊ.

पारावरची माघार

समजा, एका गावात ग्रामपंचायतीच्या एका जागेला तिघे उभे आहेत. मतदानाला चार दिवस उरले आहेत. रात्री पारावर बैठक भरते. वडीलधारी माणसे तिघांपैकी एकाची समजूत घालतात. तो गडी नारळ फोडतो आणि सर्वांसमक्ष म्हणतो, "मी बसलो." लोक टाळ्या वाजवतात व घरोघर जातात.

मतदानाच्या दिवशी पाहावे तो यंत्रावर त्याचे नाव आहे आणि चिन्हही आहे. त्याला सत्तर मते पडतात. दुसरा उमेदवार आठ मतांनी पडतो. मग काय विचारता! पडलेला म्हणतो, "मला फसवले." बसलेला म्हणतो, "मी तं बसलो होतो जी! माझं नाव मशिनीवर ठेवलंच काऊन?"

आता तुम्हीच सांगा, नाव कोणी ठेवले? नाव कायद्याने ठेवले. कारण पारावर बसणे ही माघार नव्हे. सभेत सांगितले, वर्तमानपत्रात छापून आणले किंवा मोबाईलवर संदेश पाठवला, तरी ती माघार होत नाही. असल्या उमेदवाराला पडलेली मते मोजली जातात. त्यालाच सर्वांत जास्त मते पडली, तर निवडून तोच येतो. तो बसला होता, ही सबब तेथे चालत नाही.

खरी माघार कशी घेतात?

लोकसभा आणि विधानसभा यांच्या निवडणुकीसाठी १९५१ सालचा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या कलम ३७ मध्ये माघारीची रीत सांगितली आहे. ती अशी :

१. माघारीची सूचना लेखी असावी. तिच्यावर उमेदवाराची स्वतःची सही असावी.

२. ती निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हाती द्यावी. उमेदवाराने स्वतः जावे. जाणे शक्य नसेल, तर त्याचा सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी जाऊ शकतो. पण त्याच्याजवळ उमेदवाराने लिहून दिलेला अधिकार पाहिजे.

३. ठरलेल्या दिवशी दुपारी तीन वाजण्याच्या आत ती पोहोचली पाहिजे. अर्जांची छाननी झाल्यावर दुसरा दिवस हा माघारीचा शेवटचा दिवस असतो. तो सुटीचा दिवस असला, तर त्यानंतरचा कामाचा दिवस धरतात.

४. सही खरी आहे ना आणि कागद आणणारा माणूस तोच आहे ना, याची अधिकारी खात्री करून घेतो. मग ती सूचना कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतो.

तीन म्हणजे तीन. आपल्या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे. सिरोंचाहून अहेरी सुमारे शंभर किलोमीटर आहे. नाल्याला पूर आला किंवा एस.टी. चुकली, तर घड्याळ थांबत नाही. ज्याला माघार घ्यायची असेल, त्याने शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये.

ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि नगरपरिषद यांचे नियम वेगळे आहेत. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तेथेही माघार लेखी लागते आणि मुदतीतच घ्यावी लागते. तारीख व वेळ कार्यक्रमात छापलेली असते. ती स्वतः वाचावी.

दिलेली माघार परत येत नाही

कायद्यातील एक गोष्ट फार कडक आहे. एकदा माघारीची सूचना दिली की ती रद्द करता येत नाही. "साहेब, रात्री विचार बदलला," असे म्हणून उपयोग नाही. बाण सुटला तो सुटला.

म्हणून कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या नमुन्यावर सही किंवा अंगठा कधीही देऊ नये. "असू द्या, पुढे कामाला येईल," असे कोणी म्हणाला, तर तो कागद कोणत्या कामाला येईल हे आधी विचारावे.

पैशाचाही हिशेब पाहा. विधानसभेला उभे राहताना १०,००० रुपये अनामत भरावी लागते. अनुसूचित जाती व जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये भरावे लागतात. आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी हे तीनही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. म्हणजे तेथे ही रक्कम ५,००० होते. मुदतीत माघार घेतली, तर ती परत मिळते. मुदतीनंतर नुसतेच तोंडाने बसला, तर तो रिंगणातच राहिला. मग निवडून न आल्यास, एकूण वैध मतांच्या एकषष्ठांशापेक्षा जास्त मते त्याला मिळाली पाहिजेत. नाहीतर अनामत जप्त होते. हिशेब करा : वैध मते १,८०,००० असली, तर एकषष्ठांश म्हणजे ३०,०००.

घुग्घुसची निवडणूक का थांबली?

माघार घेणे हा उमेदवाराचा हक्कही आहे. तो हक्क डावलला, तर निवडणूकच अडते. हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांनी २०२५ साली पाहिले.

त्या वर्षी राज्यातील नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबरला ठरले होते. छाननी १८ नोव्हेंबरला झाली. छाननीत अर्ज बाद झाला, तर जिल्हा न्यायालयात अपील करता येते. म्हणून माघारीच्या दोन तारखा होत्या. अपील नसेल तेथे २१ नोव्हेंबर आणि अपील असेल तेथे २५ नोव्हेंबर. चिन्हे २६ नोव्हेंबरला वाटायची होती.

नियम असा की, अपिलाचा निकाल लागल्यावर माघारीसाठी तीन दिवस मिळाले पाहिजेत. हे का, ते पाहा. न्यायालयाने एखाद्याचा अर्ज पुन्हा मान्य केला, तर रिंगणातील माणसे बदलतात. मग बाकीच्यांनाही विचार करावासा वाटतो : आता उभे राहावे की बसावे? त्या विचारासाठी ही सवड आहे.

काही ठिकाणी न्यायालयाचा निकाल उशिरा लागला. तीन दिवस पुरे होण्याआधीच चिन्हे वाटली गेली. राज्य निवडणूक आयोगाने २९ नोव्हेंबरला आदेश काढला आणि अशा ठिकाणचे मतदान थांबवले. जेथे अपील अध्यक्षपदाबाबत होते, तेथे सगळ्या नगरपरिषदेचीच निवडणूक पुढे गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस त्यांत होते. गडचिरोली आणि आरमोरी येथील काही जागांचे मतदानही पुढे गेले. माघारीला १० डिसेंबरपर्यंत मुदत मिळाली. मतदान २० डिसेंबरला झाले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आदेशाने सर्व ठिकाणची मोजणी २१ डिसेंबरला एकदमच झाली.

उमेदवार चिडले. प्रचाराचा खर्च वाढला. मतदारही कंटाळले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण तीन दिवसांचा हक्क लहान म्हणून सोडून दिला असता, तर पुढे मोठा हक्कही कोणी सोडायला लावला असता.

पूर्वी आणि परदेशी

पहिल्या दोन सार्वत्रिक निवडणुकांत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर चिन्ह चिकटवलेले असे. मतदार आपली पत्रिका हव्या त्या पेटीत टाकी. १९५६ साली कायद्यात एक कलम घातले गेले. माघारीची मुदत संपली, तरी मतदानाच्या दहा दिवस आधीपर्यंत उमेदवाराला लढतीतून निवृत्त होता येई. १९५७ ची निवडणूक त्या कलमाखाली झाली. तेव्हा आपला चांदा जिल्हा मुंबई राज्यात होता. गडचिरोली वेगळा जिल्हा व्हायला १९८२ साल उजाडायचे होते. पुढे १९५८ साली ते कलम काढून टाकले. तेव्हापासून मुदत एकच.

मोठ्या देशांतही हे तंटे होतात. अमेरिकेत २०२४ साली रॉबर्ट केनेडी (धाकटे) हे राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. ऑगस्टमध्ये त्यांनी प्रचार थांबवला व डोनाल्ड ट्रम्प यांना पाठिंबा दिला. मग काही राज्यांत त्यांनी मतपत्रिकेवरून आपले नाव काढा असा अर्ज केला. नॉर्थ कॅरोलिना राज्यात न्यायालयाने नाव काढायला लावले. छापलेल्या लाखो मतपत्रिका वाया गेल्या आणि टपालाने पाठवायच्या पत्रिकांना उशीर झाला. मिशिगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांत मात्र नाव तसेच राहिले. माणूस एक, निवडणूक एक, पण राज्याराज्याचा कायदा वेगळा. आपल्याकडे लोकसभेसाठी सगळ्या देशाला एकच कायदा आहे, ही सोय थोडी नव्हे.

बिनविरोध : गोड आणि कडू

सगळे बसले आणि एकच उरला, तर मतदान होत नाही. तो बिनविरोध निवडून येतो. २०२४ साली गुजरातमध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात असेच झाले. काही अर्ज बाद झाले, बाकीच्यांनी माघार घेतली आणि मत न पडताच खासदार ठरला. त्याच वर्षी मध्य प्रदेशात इंदूर येथे काँग्रेसच्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी माघार घेतली. बाकीचे उमेदवार रिंगणात होते, म्हणून मतदान झाले. तेथे २,१८,६७४ मतदारांनी 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबले.

गावाने मनापासून एकमत केले आणि भांडण टळले, तर त्यात वाईट काही नाही. पण एकमत वेगळे आणि बोली वेगळी. २०२१ च्या जानेवारीत नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी या गावांत पदांचा लिलाव झाल्याचे उघडकीस आले. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूक प्रक्रियाच रद्द केली. पैसा देवळाला दिला म्हणून बोली पवित्र होत नाही.

उभे राहणे, न राहणे आणि माघार घेणे हा प्रत्येकाचा निवडणुकीचा हक्क आहे, असे भारतीय न्याय संहितेत म्हटले आहे. तो वापरण्यासाठी पैसे देणे ही लाच. घेणे हीही लाच. धाक घालून बसवणे हाही गुन्हा. दोन्हींस एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. बाईमाणूस उभी राहिली, गरीब उभा राहिला किंवा जंगलातल्या पाड्यावरचा माणूस उभा राहिला की त्याला बसवायला मोठमोठी माणसे येतात. "तुझ्या पोराच्या नोकरीचे पाहतो," म्हणतात. किंवा "गावात राहायचे आहे ना?" असे विचारतात. पहिले आमिष, दुसरा धाक. दोन्ही कायद्याविरुद्ध.

तक्रार कोठे करावी?

कोणी जबरीने बसवत असेल, तर मुदत संपण्याआधीच निवडणूक निर्णय अधिकाऱ्यास लेखी कळवावे. पोलिसांतही कळवावे. अर्जाची पोच घ्यावी. निवडणूक चालू असताना न्यायालये सहसा मध्ये पडत नाहीत. निकाल लागल्यावर मात्र दाद मागता येते. ग्रामपंचायतीसाठी निकालापासून १५ दिवसांच्या आत दिवाणी न्यायालयात अर्ज करावा. विधानसभा व लोकसभेसाठी ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करावी. आपल्याकडील लोकांसाठी ते नागपूरला आहे.

मतदारानेही एक काम करावे. माघारीची मुदत संपली की उमेदवारांची अंतिम यादी कार्यालयाबाहेर लागते. ती जाऊन वाचावी. जे नाव यादीत आहे, तो उभा आहे. जे नाही, तो बसला. पारावरच्या बातमीपेक्षा ही यादी खरी.

बंधुभगिनींनो, तुम्ही आता वाचू लागलात. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा उठवण्याचे दिवस तुमच्यापुरते संपले. तेव्हा कोणी सहीसाठी कागद पुढे केला, तर आधी तो पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचा. सही त्यानंतर. आणि मनाला पटले नाही, तर सही नाही.

आठवून सांगा

१. सभेत "मी बसलो" असे सांगितल्याने माघार होते काय? का?

२. माघारीची सूचना कोण कोण नेऊन देऊ शकतो?

३. वैध मते १,२०,००० असतील, तर अनामत वाचवण्यासाठी किती मतांपेक्षा जास्त मते हवीत?

४. घुग्घुसची निवडणूक पुढे का गेली, ते शेजाऱ्याला आपल्या शब्दांत सांगा.

५. आपल्या गावच्या मागील निवडणुकीत कोण उभे होते आणि कोण बसले? त्यांची नावे वहीत लिहा.