हिशोब पक्का, वाचन कच्चं: असं कसं?

प्रश्न: माझा नातू मराठी शाळेत चौथीत आहे. सुट्टीच्या दिवशी वसईतल्या होळी भागाच्या बाजारात माझ्याबरोबर भाजी विकायला बसतो. गिऱ्हाइकाचा हिशोब तोंडी करून सुटे पैसे बरोबर परत देतो. ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण धडा वाचायला घेतला की ओळीओळीला अडतो, लिहिताना अक्षरं गाळतो. ‘अध्ययन अक्षमता आहे का ते तपासून घ्या, परीक्षेत जादा वेळ मिळेल,’ असं त्याच्या बाई म्हणतात. आमच्या वेळी वर्गात अशी मुलं नव्हती. हा आळस म्हणायचा की आजार? आणि एकालाच जादा वेळ देणं हा बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का?
— एक आजी, होळी, वसई

उत्तर: आजी, तुम्हाला पडलेलं कोडं थोडक्यात असं, की डोकं चालतं तर पुस्तक का चालत नाही? त्याचं उत्तर बोलणं आणि वाचणं यांतल्या फरकात आहे.

बोलायला मूल आपोआप शिकतं. भोवती माणसं बोलत असली की पुरतं. वाचनाचं तसं नाही. लेखनकला माणसाकडे येऊन सुमारे पाच हजार वर्षं झाली, त्यामुळे वाचनासाठी मेंदूत जन्मतः वेगळी सोय नसते. अक्षर ओळखणारा भाग आणि आवाज ओळखणारा भाग यांच्यात प्रत्येक मुलाला नवा रस्ता बांधावा लागतो. बहुतेकांचा तो दुसरी-तिसरीपर्यंत तयार होतो. काहींना मात्र ‘कमळ’ ऐकल्यावर त्यातले क, म, ळ सुटे करणं आणि प्रत्येकाची आकृती झटकन आठवणं जड जातं. सगळं लक्ष अक्षर जुळवण्यात खर्च होतं आणि ओळ संपेपर्यंत अर्थ निसटतो. तोच धडा दुसऱ्याने वाचून दाखवला तर मुलाला नीट कळतो. या अडचणीला डिस्लेक्सिया म्हणतात. लेखनातली आणि गणितातली अशीच अडचण तिच्यासोबत ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’ या नावाखाली येते.

आळसाचा संशय का येतो, तेही यावरून कळेल. पानाच्या वरच्या ओळीत बरोबर वाचलेला शब्द मूल खालच्या ओळीत चुकवतं आणि मोठी माणसं म्हणतात, ‘मघाशी आलं, मग आता का नाही?’ खरं तर मघाशी बरोबर वाचतानाच ते दमलेलं असतं. हा आजारही नव्हे. याला औषध नाही, कारण बरं करायचं असं काही नसतं. मेंदूची ही ठेवण बरेचदा घराण्यात चालत येते. ऑस्ट्रेलियातल्या जूडी सिंगर यांनी १९९८ च्या सुमारास ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ची कल्पना मांडली, ती याच जातीची. माणसांचे मेंदू एका साच्याचे नसतात, म्हणून शिकवण्याचा एकच साचा सगळ्यांना पुरत नाही.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आल्यापासून डिस्लेक्सिया हा शब्द घराघरात पोचला, हे चांगलंच झालं. पण अशा मुलांना अक्षरं उलटीच दिसतात आणि प्रत्येकात एक कलाकार दडलेला असतो, असंही पुष्कळांना वाटू लागलं. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. अक्षर उलटं काढणं पहिली-दुसरीतल्या कित्येक मुलांत दिसतं आणि पुढे जातं. आणि मदत मिळण्यासाठी मुलाने असामान्य असायची काही गरज नाही. साध्यासुध्या मुलालाही नीट शिकवलं गेलंच पाहिजे.

आता थोडं सबुरीनं घ्या. बाजारात हिशोब येतो आणि शाळेत अडतं, एवढ्यावरून निदान होत नाही. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, तो २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. गिऱ्हाइकापुढे अवघड हिशोब तोंडी करणारी ही मुलं शाळेतल्या पद्धतीने मांडलेल्या सोप्या गणितांना अडखळत होती. अध्ययन अक्षमता नसतानाही असं घडतं, कारण त्यांना येणारं गणित आणि शाळेतलं गणित कुणी जोडूनच दिलेलं नसतं. तसंच घरी कादोडी किंवा वाडवळी बोली बोलतात म्हणून मुलाचं वाचन बिघडतं, हेही खरं नाही. पुस्तकी मराठीचे शब्द त्याला नवे वाटतील, पण सवयीने ती अडचण सरते. नेटाने शिकवूनही अक्षर आणि आवाज यांची जोडणी होत नसेल, तर मात्र तपासणी हवी.

मराठी शाळेतल्या मुलाबाबत आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. इंग्रजीत ‘पुट’ आणि ‘बट’ यांचा यू एकच, उच्चार मात्र दोन. त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलाची अडचण चुकांमधून लवकर दिसते. आपल्या लिपीत अक्षराचा उच्चार बहुधा ठरलेला असतो, म्हणून डिस्लेक्सिया असलेलं मूलही हळूहळू का होईना, बरोबर वाचतं. ‘जरा मंद आहे, येईल’ म्हणून ते पुढे ढकललं जातं आणि पाचवीनंतर धडे लांबले की कोलमडतं. देवनागरीचे स्वतःचे पेचही आहेत. ‘कि’मधली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर. ‘वर्ग’मधला र ऐकू येतो ग च्या आधी आणि बसतो ग च्या डोक्यावर. घ-ध, भ-म, ब-व या जोड्यांत फरक जेमतेम एका रेघेचा किंवा गाठीचा. म्हणून मराठी मुलाची तपासणी मराठीतही व्हायला हवी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत तयार केला, तो याचसाठी. नुसत्या इंग्रजी चाचणीवर कुणी शिक्का मारू पाहिला, तर मराठीत का तपासलं नाही, हे जरूर विचारा.

‘आमच्या वेळी नव्हती’ म्हणता, पण तेव्हाही ती होतीच. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने चौदा वर्षांच्या एका हुशार मुलाची हकिगत छापली. त्याला साधे शब्दही वाचता येत नव्हते, आणि सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेत पहिला आला असता, असं त्याच्या मास्तरांचं मत होतं. आपल्याकडे अशी मुलं दोन-तीनदा नापास होऊन शेतावर, होडीवर, सुतारकामाला निघून गेली. वर्गात उरली नाहीत, म्हणून ती आपल्याला आठवत नाहीत.

महाराष्ट्राने याबाबत लवकर पाऊल उचललं. इथे शालान्त परीक्षेतल्या सवलती १९९६ पासून सुरू झाल्या. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या तपासणी केंद्राने यात मोठं काम केलं आहे. देशाच्या पातळीवर मात्र १९९५ च्या कायद्यातल्या सात प्रकारांत अध्ययन अक्षमता नव्हती. ती आली २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात, एकवीस प्रकारांपैकी एक म्हणून. या कायद्याचं सतरावं कलम जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा नावानिशी उल्लेख करतं. चंचलता आणि अवधानाचा अभाव, म्हणजे एडीएचडी, या एकवीसांत स्वतंत्रपणे नाही. ही उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी.

आता अन्यायाची शंका. ‘मोसमी पाऊस का पडतो?’ या प्रश्नात काय तपासायचं असतं? मुलाला कारण ठाऊक आहे का, हे. ते किती भराभर लिहितं, हे नव्हे. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तासामागे किमान २० मिनिटं जादा देण्याची तरतूद होती. त्या वेळात उत्तर कुणी सांगत नाही, ठाऊक असलेलं कागदावर उतरवायला फक्त सवड मिळते. टंकलेखनाच्या परीक्षेत वेगच मोजायचा असतो, तिथे जादा वेळेला अर्थ उरणार नाही. भूगोलात मात्र आहे. माझ्या मते अन्याय जादा वेळेत नाही, उत्तर ठाऊक असलेल्या मुलाला शून्य देण्यात आहे.

पण आजी, सवलत परीक्षेपुरती असते आणि वाचायला तर रोज लागतं. म्हणून आधी नातवाचे डोळे आणि कान तपासून घ्या. मग बुद्ध्यंक आणि वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या होतील. केंद्राच्या २०१८ च्या नियमांत प्रमाणपत्रासाठी किमान आठ वर्षं वयाची अट होती. नातू चौथीत आहे, तेव्हा तुमची ती अडचण नाही. ज्यांची मुलं लहान आहेत, त्यांनी प्रमाणपत्रासाठी थांबायची गरज नाही. शब्दाचे आवाज टाळीवर सुटे करणं, मग त्यांना अक्षरं जोडणं, रोज थोडं पण न चुकता, हे शिकवायला कोणताही कागद लागत नाही. वर्गासमोर मोठ्याने वाचायची सक्ती तेवढी थांबवायला बाईंना सांगा आणि तोंडी उत्तराची मुभा मागा. शाळेत विशेष शिक्षक नसतील, तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात चौकशी करा. अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. त्याच्या बाईंनी हे चौथीतच ओळखलं, त्यांच्या सांगण्याप्रमाणे याच महिन्यात तपासणी करून घ्या.