पाहुण्याला ‘नाही’ म्हणण्याचं शिक्षण

शाश्वत पर्यटन म्हटलं की आपल्याला आराखडे आणि घोषणाफलक आठवतात. पर्यटकाला मात्र भेटतात टॅक्सीवाला, शॅकमधला वेटर, गाईड. किनारा टिकणार की नाही, हे बऱ्याच अंशी या माणसांना काय शिकवलंय यावर ठरतं. आदरातिथ्याचा पहिला धडा म्हणजे पाहुण्याची इच्छा पुरवणं. शाश्वत पर्यटनाला त्याच्या जोडीला आणखी एक धडा लागतो: पाहुण्याला न दुखवता ‘नाही’ म्हणणं.

गोव्यातलंच उदाहरण घेऊ. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग इथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि समुद्रात परतते. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात, तीही बहुधा रात्रीच, आणि उजेडाच्या दिशेने चालू लागतात. निसर्गात तो उजेड समुद्राकडे असतो. शॅकचे दिवे त्याहून प्रखर असले की पिल्लं वाट चुकतात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कासवांना संरक्षण दिलंय. वनखातं घरट्यांभोवती कुंपणही घालतं. पण रात्री अकरा वाजता गिऱ्हाईक ‘दिवे लावा’ म्हणतं, तेव्हा समोर कायदा उभा नसतो, वेटर असतो.

त्याला तीन गोष्टी मिळायला हव्यात.

पहिली गोष्ट, कारण. ‘दिवे बंद ठेव’ एवढाच हुकूम मिळालेला माणूस टिप दिसली की दिवे लावील. कारण कळलेला माणूस पाहुण्याला ते समजावून सांगेल. मर्यादवेल वाळू धरून ठेवते हे ज्याला ठाऊक आहे, तो ती उपटून खाटा मांडणार नाही.

दुसरी, भाषा. शॅक आणि हॉटेलांत कर्नाटक, झारखंड, नेपाळहून आलेले कितीतरी जण राबतात. त्यांच्या हाती इंग्रजी पुस्तिका देऊन काय होणार? कोकणी-मराठीबरोबर हिंदी, कन्नड, नेपाळीतूनही शिकवायला हवं. शिवाय नेमकं काय बोलायचं, याचा सराव हवा. ‘इथे बंदी आहे’ म्हटलं की वाद होतो. ‘जवळच कासवाचं घरटं आहे, म्हणून दिवे मंद ठेवलेत’ म्हटलं की पाहुणा स्वतःच आवाज खाली आणतो. नियम तोच, फक्त वाक्य बदललं.

तिसरी, पाठबळ. ‘नाही’ म्हटल्यावर गिऱ्हाईक उठून गेलं आणि मालकाने पगार कापला, तर सगळं शिक्षण वाया! म्हणून मालकाने त्याच वर्गात, कामगाराच्या शेजारी बसायला हवं.

हा वर्ग घ्यायचा कधी? पावसाळ्यात शॅक मोडलेले असतात, पण बाहेरचे कामगारही गावी गेलेले असतात. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर, शॅक उभे राहताना घेतलेले दोन दिवसच खरे उपयोगी.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी उतरतात. जपणूक आणि कमाई एकमेकींच्या आड येत नाहीत, हे तिथे दिसतं. मात्र पाहुण्याने कुठे थांबायचं, हे सांगणारं माणूस लागतंच.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना इथे काम आहे. आपल्या गावातली एक जागा निवडा: जुनं चर्च, देवळाची तळी, खाजन किंवा झर. पाहुण्याने तिथे काय करू नये, हे दोन भाषांत, तीन-तीन वाक्यांत लिहा. मग ती वाक्यं तिथे काम करणाऱ्याला वाचून दाखवा. त्याच्या तोंडी ती सहज बसली, तर धडा जमला.