सुगडाला जुनेपण कसं येतं?



संक्रांत झाली. वाणाची सुगडं आता घरोघरी फडताळात नाहीतर कोनाड्यात पडून असतील. या वेळी कार्यानुभवाच्या तासाला आपण त्यातलंच एक साधं, लाल सुगड घेणार आहोत आणि ते तीन हजार वर्षांपूर्वीचं वाटेल असं रंगवणार आहोत. सुगड आईला विचारूनच घ्यावे. काही घरांत ते तुळशीपाशी ठेवतात, ते आणू नका. काठाचा टवका गेलेलं असेल तर उत्तमच. मात्र चांगल्या सुगडाला मुद्दाम टवका पाडायचा नाही. कुंभाराने ते चाकावरून उतरवून, सुकवून, भाजून आपल्यापर्यंत धड पोचवलं आहे.

रंग हातात घेण्याआधी एक काम आहे. घरातली आणि गल्लीतली जुनी मातीची भांडी नीट बघून या. भांड्याला माणसासारखेच अवयव असतात: तोंड, मान, खांदा, पोट आणि बूड. प्रत्येक अवयव वेगळ्या तऱ्हेने जुना होतो. आणि तो तसाच का होतो, याला कारण असतं.

चुलीवर चढलेलं मडकं बघा. काजळी बुडाला आणि पोटाच्या खालच्या भागाला दाट असते, वर वर विरळ होत जाते. बरेचदा एका बाजूला जास्त असते. जिकडून जाळ बाहेर येतो ती बाजू जास्त काळी. मान धरून रोज उचलल्यामुळे तिथे मात्र गुळगुळीत, किंचित चकचकीत झालेलं असतं. खरकटं उतू जाऊन खाली आलेले ओघळही दिसतील.

आता परसातली जुनी कुंडी बघा. तिच्या बाहेरून, बहुधा खालच्या अर्ध्या भागावर, पांढरट पापुद्रा दिसतो. तो चुना कुणी लावलेला नसतो. कुंडीत घातलेलं पाणी मातीच्या बारीक छिद्रांतून बाहेर झिरपतं. पाणी उडून जातं, पण पाण्यात विरघळलेले क्षार मागे राहतात आणि पांढरे दिसू लागतात. त्याच कुंडीची सावलीतली, ओलसर बाजू हिरवी पडते, उन्हातली पडत नाही. रांजण असेल तर त्याचा काठ पाहा. तांब्या घासून घासून तो एकाच जागी झिजलेला असतो, कारण माणसं पाणी घ्यायला नेहमी एकाच बाजूने येतात.

हे सगळं वहीत चित्र काढून, बाण दाखवून लिहून आणा. चित्र वाकडं आलं तरी चालेल, बाण चुकीच्या जागी नको. ज्याने हे पाहिलं नाही तो सुगडाला सगळीकडे सारखाच काळा रंग फासतो. मग ते जुनं दिसत नाही, मळलेलं दिसतं.

तीन हजार वर्षांपूर्वीचं म्हणजे कसलं, ते आता सांगतो. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात, संगमनेर तालुक्यात, प्रवरा नदीच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. तिथे १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले. जमिनीतून लाल रंगाची, काळी नक्षी काढलेली भांडी निघाली. पुढे तसलीच भांडी महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी मिळाली. तेव्हा कुठेही सापडली तरी त्यांना ‘जोर्वे भांडी’ म्हणायचं असं ठरून गेलं. आपल्याच राज्यातल्या एका खेड्याचं नाव जगभरच्या पुरातत्त्वाच्या पुस्तकांत गेलं ते खापरांमुळे! पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ या काळात मोठं उत्खनन झालं आणि ही भांडी वापरणाऱ्या लोकांची घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा मिळाल्या. हे लोक शेतकरी होते. काळ साधारण ३४०० ते २७०० वर्षांपूर्वीचा.

या भांड्यांची माती फार बारीक मळलेली असते आणि भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर टणत्कार येतो. तोटीची भांडी असतात, पोटाला धारदार वळण दिलेले वाडगे असतात. नक्षी सोपी आहे. आडव्या रेघा, तिरप्या रेघा, त्रिकोण, आत जाळी भरलेले शंकरपाळ्यासारखे चौकोन. ती बहुतेक खांद्यावर, म्हणजे बसलेल्या माणसाला वरून दिसेल अशा भागावर असते. बुडाजवळ कोण बघणार?

त्या कुंभारांनी नक्षी आधी काढली आणि भांडं मग भाजलं. म्हणून रंग मातीत मुरला आणि इतकी वर्षं पुसला गेला नाही. आपलं सुगड आधीच भाजून आलेलं आहे. आपला रंग वरच बसणार, म्हणून त्याला धरून ठेवायला चिकटा लागतो.

साहित्य: गेरूची पूड, कोळसा किंवा दिव्याची काजळी, थोडा भिजवलेला चुना, चुलीतली राख, पांढरा चिकटा (फेव्हिकॉल), नारळाचा काथ्या, बारीक पॉलिश पेपर, जुनं सुती फडकं, एक मेणबत्ती आणि बाभळीची किंवा कडुनिंबाची टोक चावून कुंचल्यासारखी केलेली काडी. बाभळीचा डिंक सगळ्यांकडे असतो, पण या कामाला तो नको. वाळलेला डिंक पाणी लागलं की पुन्हा विरघळतो, आणि आपल्याला पुढे ओल्या फडक्याने पुसायचं आहे. सगळी नक्षी फडक्यावर येईल.

सुगड ओल्या फडक्याने पुसून एक दिवस उन्हात ठेवावे. दोन चमचे गेरू, एक चमचा चिकटा आणि चार चमचे पाणी एकत्र कालवून ताकासारखं पातळ करावे आणि फक्त बाहेरून लावावे. दाट लावलं तर पोपडे येतात. गेरू म्हणजे दुसरं काही नाही, लोखंडाच्या गंजाचीच माती. भांडं भाजताना हवा भरपूर मिळाली की मातीतलं लोह असंच तांबडं होतं, आणि हवा कोंडली की काळं होतं. म्हणून गेरू सुगडाला परका दिसत नाही, बाजारचा लाल रंग परका दिसतो.

गेरू वाळला की खांद्यावर नक्षी काढा. काजळी पाण्यात नुसती टाकली तर वर तरंगत राहते, कालवली जात नाही. ती आधी चिकट्यात घोटा, मग थेंब थेंब पाणी घाला. कोळसा असेल तर वस्त्रगाळ करून घ्या. काजळी धरायचं काम घरातल्या मोठ्या माणसाने करावे. रेघा पट्टीने मारू नका. चाकावर किंवा हातावर काढलेली रेघ कुठे जाड, कुठे बारीक होते, तशीच असू द्या. मग चिकटा पूर्ण वाळेपर्यंत एक अख्खा दिवस थांबा. घाई करणाऱ्यांचं काम इथेच बिघडतं.

दुसऱ्या दिवशी झीज. वही उघडा आणि बाण पाहा. हात कुठे लागतो? मानेला आणि पोटाच्या फुगीर भागाला. तिथेच काथ्याने किंवा पॉलिश पेपरने हलकं घासा, नक्षी थोडी उडाली पाहिजे. खोलगट जागा घासायच्या नाहीत, कारण तिथे हात पोचत नाही. घासलेल्या मानेवर मेणबत्ती एकदा फिरवून फडक्याने चोळली की हाताळल्याची मंद चकाकी येते.

मग मळ. राख, चिमूटभर कोळसा, थोडासा चिकटा आणि भरपूर पाणी असं राड करून सगळीकडे फासा आणि लगेच ओल्या फडक्याने पुसून काढा. उंच भाग स्वच्छ होतील, खाचांत आणि काठाखालच्या वळणात मळ राहील. खरा मळही तिथेच राहतो. बुडाकडे कोरडी काजळी बोटाने चोळून वर वर विरळ करत न्या.

क्षारांसाठी चुन्याची निवळी फडक्याच्या बोळ्याने बुडाच्या वर टिपटिपा. कुंचल्याने ओढू नका. ओली असताना ती दिसतच नाही, म्हणून पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह होतो. वाळली की पांढरी उठते. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका, हात लगेच धुवा.

कुणी म्हणेल, सर, बारीक भेगांची जाळी पण काढू या, छान दिसते. ती जाळी मातीच्या साध्या भांड्याची नव्हे. लोणच्याच्या बरणीवर किंवा चिनी मातीच्या कपावर जो काचेसारखा थर असतो, तो आतल्या मातीपेक्षा जास्त आकसतो आणि तडकतो, त्याची ती जाळी. सुगडावर असा थरच नाही, मग तडकेल काय? वरून चकचकीत व्हार्निशही याच कारणासाठी नको.

आणि हा रंग पाण्याच्या माठाला अजिबात लावायचा नाही. माठातलं पाणी छिद्रांतून पाझरून बाहेर उडतं म्हणून आतलं गार राहतं. छिद्रं बुजली की माठ नुसता डबा झाला. रंगवलेल्या सुगडात खाण्याचा जिन्नसही ठेवू नये.

आता खऱ्या खापरांविषयी. जुन्या गावठाणाच्या राखाडी मातीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. तशा पांढरीच्या टेकाडावर काळी नक्षी असलेलं लाल खापर दिसलं तर उकरू नका, घासून धुऊ नका, आणि रंग तर मुळीच लावू नका. जागा लक्षात ठेवून गुरुजींना किंवा बाईंना सांगा. खापराच्या आत चिकटून राहिलेला अन्नाचा अंश आज प्रयोगशाळेत तपासता येतो. घासलं की ते गेलं. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडलं हेही गेलं. इनामगावला घरांच्या जमिनीखाली तोंडाला तोंड लावून ठेवलेले दोन-दोन कुंभ मिळाले. त्यांत लहान मुलांना पुरलेलं होतं. कुणी नुसते कुंभ उचलून नेले असते तर त्या आईबापांनी आपलं लेकरू घरातच जवळ ठेवलं होतं, हे आपल्याला कधी कळलं नसतं.

नवी भांडी जुनी करून, जुनी म्हणून विकणारेही लोक असतात. शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, असा १९७२ चा कायदा आहे. पण खोट्या जुन्या भांड्याने फक्त गिऱ्हाईकच फसतं असं नाही. ते खऱ्यांत मिसळलं तर शिकणाराही फसतो. म्हणून आपल्या सुगडाच्या बुडावर, चुना लावण्याआधी, पक्क्या काळ्या रंगाने तुमचं नाव, इयत्ता आणि चालू वर्ष ठळक लिहायचं. ते घासायचं नाही.

सुगडं शनिवारी वर्गात आणा. ज्यांच्या सुगडाला एकाच बाजूने काजळी जास्त आहे, त्यांनी चुलीचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते सांगायची तयारी ठेवावी.