वाळूवरील साय

नदीघाटावरील पायरी पायाला बुळबुळीत लागते. हा बुळबुळीतपणा म्हणजे सूक्ष्मजीवांची वस्ती होय. जीवाणू दगडाला किंवा वाळूच्या कणाला चिकटले, की ते स्वतःभोवती एक चिकट द्रव्य स्रवतात. त्यात बहुशर्करा, प्रथिने इत्यादी पदार्थ असतात. या द्रव्यासह वसलेल्या वस्तीला 'जैवपटल' असे म्हणतात.

पाणी शुद्ध करण्याच्या मंद वाळूगाळणीत हेच जैवपटल कामी येते. गाळणीतून पाणी तासाला सुमारे १० ते २० सेंटिमीटर इतक्याच वेगाने खाली झिरपते. वाळूच्या कणांमधील फटी जीवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या असतात. त्यामुळे नुसती वाळू त्यांना पुरेशी अडवू शकत नाही. काही दिवसांत वाळूच्या माथ्यावर साय धरते. तिच्या चिकट द्रव्यात रोगजंतू अडकतात आणि तेथील इतर सूक्ष्मजीव त्यांना खाऊन टाकतात.

या सायीचे मोल १८९२ साली जर्मनीत दिसून आले. एल्ब नदीकाठी हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही शहरे एकमेकांना लागून होती. हॅम्बुर्ग नदीचे पाणी न गाळताच पुरवीत असे. आल्टोना तर हॅम्बुर्गचे सांडपाणी मिसळल्यानंतरचे पाणी घेत असे, मात्र ते वाळूतून गाळून. त्या वर्षी पटकीच्या साथीत हॅम्बुर्गमध्ये ८,००० हून अधिक माणसे दगावली. आल्टोना मात्र बऱ्याच अंशी बचावले. शहरांच्या सीमेवरील रस्त्याच्या एका बाजूस रोग होता, तर दुसरी बाजू जवळजवळ मुक्त होती. रॉबर्ट कॉख यांनी ही गोष्ट जगाच्या नजरेस आणली. १८९३ मध्ये हॅम्बुर्गनेही वाळूगाळणी सुरू केली.

त्याच हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत गाळणी साफ करताना वाळू गोठली, गाळणीचे काम बिघडले आणि आल्टोनातही पटकीचे रोगी आढळले. साय फार दाट झाली, की पाणी झिरपेनासे होते. म्हणून ती खरवडावीच लागते. परंतु नवी साय धरेपर्यंत त्या गाळणीचे पाणी पिण्यास देऊ नये, हा नियम आहे. तो पाळण्यास धीर लागतो, आणि त्या धीरावरच गावाचे आरोग्य अवलंबून असते.

पाठगत प्रश्न

१. नुसती वाळू जीवाणूंना का अडवू शकत नाही?
२. आल्टोनाचे पाणी अधिक दूषित असूनही ते शहर कशामुळे बचावले?
३. साय खरवडल्यावर कोणती दक्षता घ्यावी?