पुडीची नोंद : व्यक्तिसापेक्ष चिकित्सा आणि संगणक

प्रकृतिभेदाने औषधभेद हा आपल्या शास्त्राचा पाया आहे. त्यास संगणकाची जोड देण्याचा प्रयत्नही नवा नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेने ‘आयुसॉफ्ट’ प्रणाली विकसित केली, त्यास बराच काळ लोटला. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील ‘देश का प्रकृति परीक्षण’ अभियानात तर सव्वा कोटीहून अधिक नागरिकांचे मोबाइलद्वारे प्रकृतिपरीक्षण झाले. आता रुग्ण मोबाइलवरील निष्कर्ष दाखवून त्यानुसार औषध मागू लागले, तर आम्ही वैद्यांनी काय करावे?

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती, विकृती, सार, संहनन, प्रमाण, सात्म्य, सत्त्व, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय ही दशविध परीक्षा सांगितली आहे. मोबाइल यांपैकी एकच भाव सांगतो. शिवाय प्रकृती आजन्म तीच राहते. औषध द्यावयाचे असते ते विकृतीला. पित्तप्रकृतीच्या संधिवाताच्या रुग्णास पौषात मानवणारी गुग्गुळकल्पाची मात्रा नागपूरच्या वैशाखातही तशीच मानवेल, असे गृहीत धरता येत नाही. तो निर्णय वैद्याचाच.

मग संगणकाचा उपयोग कोठे? आमच्या मते, निर्णयाच्या नोंदीसाठी. खरे व्यक्तिसापेक्ष औषध म्हणजे आपण बांधून देतो ती पुडी. आणि नोंद राहात नाही ती नेमकी तिचीच. समजा, रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या रुग्णास रात्री रक्तस्राव झाला व नातेवाइकांनी त्यास मेडिकलमध्ये नेले. पुडीत गुग्गुळ होता की रसकल्प, हे तेथील डॉक्टरांना कोण सांगणार? अशा वेळी रुग्णाचे नुकसान होते आणि दोषी नसलेले औषधही बदनाम होते.

यास्तव प्रत्येक भेटीत पुढील नोंदी संगणकात असाव्यात :

१. दशविध परीक्षेतील त्या दिवशीचे निष्कर्ष, ऋतू व अग्नी.
२. निदान, शक्य तेथे ‘नमस्ते’ पोर्टलवरील संकेतांकासह. हे पोर्टल २०१७ पासून उपलब्ध आहे.
३. चालू असलेली आधुनिक औषधे.
४. पुडीतील प्रत्येक घटक, मात्रा, अनुपान व सेवनकाल.
५. निर्मात्याचे नाव व बॅच क्रमांक.
६. पुढील भेटीतील उपशय-अनुपशय.

पाचवी नोंद औषधविक्रेत्या बंधूंच्या सहकार्याविना अशक्य आहे. बॅच क्रमांक वेष्टनावर असतोच; पण डबा उघडून चूर्ण पुडीत गेले की तो हरवतो. एका निर्मात्याऐवजी दुसऱ्याचा कल्प दिल्यास वैद्यास कळवावे. अन्यथा गुण न आल्यास मात्रा चुकली की औषध बदलले, हे समजणार नाही. अनिष्ट परिणाम ‘आयुष सुरक्षा’ पोर्टलवर कळवितानाही हीच माहिती उपयोगी पडते.

नोंदी रुग्णाच्या संमतीनेच ठेवाव्यात आणि त्यांची एक छापील प्रत त्याच्या हाती द्यावी. संगणक नसल्यास वहीपासून आरंभ करावा. पण उद्याची पहिली पुडी नोंदीविना जाऊ नये, एवढीच विनंती. इत्यलम्.